राजुलबाईची अट

१

मंगरूळच्या तहसील कचेरीत जानराव दप्तरी होते तोवर तिथल्या कागदाला कधी झुरळ लागलं नाही. कारकून लोक तसं म्हणत, आणि ते खरं होतं. दर शनिवारी जानराव एका फळीवरचे बस्ते सोडून अंगणात उन्हाला मांडत. सुटलेले कागद दाभणाने शिवत, वाळला निंबाचा पाला आणि वेखंडाची पूड घालून बस्ता पुन्हा बांधत. भिंतीला चीर दिसली की त्याच दिवशी चुना. मांडणीच्या प्रत्येक पायाशी टाकणखार, गूळ आणि कणीक मळून केलेली एक गोळी. गोळी ठेवली की तिच्यावर अंगठा दाबून ती चपटी करायची, म्हणजे घरंगळत नाही.

"झुरळ मारायचं नसते," नव्या चपराशाला ते सांगत, "त्याची सोय मोडायची असते."

अशा माणसाच्या स्वतःच्या घरात झुरळांनी ठाण मांडावं, याला काय म्हणावं?

घर भाड्याचं होतं. पस्तीस सालच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते राजुलबाईकडून घेतलं. राजुलबाई जैन, विधवा, पुढच्या भागात एकटी राहायची. मागच्या दोन खोल्या तिने जानरावांना दिल्या. किल्ली हातात देताना म्हणाली, "दप्तरी, माही एकच अट हाय. मागल्या खोलीतले झुरळं मारू नका."

जानरावांनी मान डोलावली. दिवस मावळायच्या आत जेवणारी, पाणी गाळून पिणारी माणसं. मुंगीलाही वाट देतात. त्यांचा धर्म त्यांच्यापाशी. चार भिंतींच्या आत आपण काय करतो ते पाहायला कोण येतंय, असं त्यांच्या मनात आलं. ते बोलले मात्र, "बरं बाई."

२

भाद्रपदात शिरपूरकडून निरोप आला. त्यांच्या लेकीला, ललिताला, सहावा महिना लागला होता, पहिलटकरीण, दसरा झाला की माहेरी येणार. निरोप ऐकून जानरावांना हसू फुटलं. त्यांची बायको प्रयागबाई मात्र उठली आणि मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

बाळंतपणाला दुसरी जागा नव्हती. पुढच्या खोलीत चूल आणि रस्त्याकडचं दार. मागची खोली नऊ हात लांब, सहा हात रुंद, खिडकी नाही. भरदुपारी तिथे कंदील लावावा लागे. आतल्या भिंतीत बळद होतं. भिंतीतच बांधलेली जुन्या काळची ही धान्याची कोठी. वरून भरायची आणि खाली जमिनीलगतच्या मुठीएवढ्या भोकातून दाणा काढायचा. वरचं तोंड कधीच लिंपून टाकलेलं होतं. खालच्या भोकात चिंध्यांचा बोळा होता. झुरळं निघत ती त्याच बोळ्याच्या कडेने.

"या खोलीत झुरळं हायेत," प्रयागबाई म्हणाली.

"झुरळं कुठं नसतात?"

"माह्या पोराच्या ओठावर होतं."

पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पहिला मुलगा नवव्या दिवशी गेला. सुईण म्हणाली ताप होता. ताप होताच. पण पहाटे प्रयागबाईने दुपटं बाजूला केलं तेव्हा लेकराच्या खालच्या ओठावर झुरळ बसलेलं होतं, आणि ओठाची कड कुरतडलेली होती. तिने ते एकदाच सांगितलं होतं, आणि जानरावांना दुसऱ्यांदा ऐकायचं नव्हतं.

"दसऱ्याच्या आत एकबी ठेवत नाई," ते म्हणाले. "कचेरीत वीस वर्सं हेच तर केलं."

३

पहिल्या आठवड्यात उकळतं पाणी झालं. दुसऱ्या आठवड्यात निंबाचा धूर. धूर भिंतीपलीकडे गेला आणि राजुलबाई खोकत दारात आली.

"काय जाळून राह्यले, दप्तरी?"

"मच्छरं लय झाले बाई."

तिने त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "मच्छर मारा," म्हणाली, आणि गेली.

झुरळं तशीच. दुपारी कंदील घेऊन आत गेलं की भिंतीवर खसखस ऐकू यायची. एरवी उजेड दिसला की झुरळ अंधारात पळतं. ही पळत नव्हती. बळदाच्या भोकातून निघायची आणि सरळ कंदिलाकडे यायची, पायांवरून, दाराकडे, उन्हाकडे. जानरावांनी ते पाहिलं आणि मनाशी म्हटलं, जात वेगळी असेल.

"कचेरीतले झुरळं तुमाले भेतात," प्रयागबाई पोळपाट झटकत म्हणाली. "घरातलं कोणीच भेत नाई."

"तू भेतं कधी?"

"मी काहून भिऊ? मी कागद खात नाई."

मग त्यांनी आपलं हुकमी काम काढलं. पसाऱ्याच्या दुकानातून टाकणखार आणला, गोळ्या वळल्या, सोळा ठिकाणी ठेवून प्रत्येकीवर अंगठा दाबला. कचेरीत तिसऱ्या दिवशी मेलेली झुरळं केरसुणीने लोटावी लागत. इथे तिसऱ्या दिवशी एकही मेलेलं मिळालं नाही. चौथ्या दिवशी नाही, पाचव्या दिवशी नाही. झुरळं मात्र कमी होत चालली होती. म्हणजे मरत होती. मग मढी कुठे जात होती?

"मुंग्या नेत असतीन," जानराव म्हणाले.

खोलीत एकही मुंगी नव्हती. हे त्यांनाही माहीत होतं, आणि त्याचाच त्यांना राग येत होता.

आठव्या दिवशी बळदाच्या भोकासमोर तीन गोळ्या ओळीने ठेवलेल्या सापडल्या. त्यांनी तिथे एकही ठेवली नव्हती. उचलून दारात उजेडाला नेल्या. त्यांच्या अंगठ्याचा ठसा पुसला गेला होता. त्याच्या जागी चार बारके खड्डे होते, ज्वारीच्या दाण्याएवढे, एका रांगेत, आणि पलीकडून एक.

"उंदीर," जानराव म्हणाले. "दात हायेत."

प्रयागबाईने गोळी हातात घेतली, एका खड्ड्यावर आपल्या करंगळीचं टोक टेकवलं. करंगळी मोठी पडली.

"दात नोहेत," ती म्हणाली.

"मंग काय हाय?"

प्रयागबाई गोळी फेकायला म्हणून चुलीकडे गेली. पण चुलीत काही पडल्याचा आवाज झाला नाही.

४

पुढच्या रविवारी दुपारी जानराव दाभण घेऊन बळदापुढे उकिडवे बसले. आत कुठवर पोकळ आहे ते पाहायचं आणि भोक कायमचं बुजवायचं, एवढाच विचार. आदल्याच दिवशी त्यांनी राजुलबाईला सहज विचारलं होतं. "बळद? ते माह्या सासऱ्यानं मुरूम-गोट्यानं भरून टाकलं," ती म्हणाली होती. "आत काई नाई. काहून?"

त्यांनी बोळा ओढून काढला. चार-पाच झुरळं हातावरून धावत गेली. मग आतून काहीच आलं नाही. थंड वाराही नाही, धूळही नाही.

त्यांनी दाभण एका वेताच्या काठीला बांधलं आणि आत घातलं. मुरूम लागायला हवा होता. लागला नाही. भिंत दीड हाताची. काठी दोन हात गेली, मग अडीच. काठी संपत आली तेव्हा टोक कशाला तरी टेकलं, आणि तिथेच राहिलं.

त्यांनी काठी मागे ओढली. ती आली नाही.

कोणी ओढत नव्हतं. तान्ह्या मुलाच्या मुठीत बोट दिलं की ते जसं धरून ठेवतं, जोर न लावता, तसं दाभण आत धरलेलं होतं. अडकलं असेल. दोन गोट्यांच्या फटीत टोक गेलं की असं होतं; कागद शिवताना हजारदा झालंय. त्यांनी मनात दहा अंक मोजले. आठावर काठी मोकळी झाली.

दाभणाचं टोक ओलं होतं, लाळेसारखं चिकट.

त्यांनी त्याच दुपारी चुना कालवून भोक बुजवलं. दुसऱ्या दिवशी कचेरीतून आले तर चुन्याची गुडदी बुचासारखी अखंड बाहेर पडलेली, आतल्या अंगाला ओली, आणि ओल्या चुन्यात तेच बारके खड्डे. त्यांनी पुन्हा बुजवलं. चुन्यात गूळ घातला. पुन्हा बाहेर. विटेचा तुकडा ठोकून बसवला, तो दोन दिवस टिकला. कचेरीत जानरावांचं लक्ष लागेना. चौथ्या वेळी ते चुन्यात मिसळायला बाटली फोडून काच कुटत बसले, तेव्हा प्रयागबाईने त्यांचा हात धरला.

"काच नका घालू."

"काहून?"

"नका घालू म्हणतो ना मी," ती म्हणाली, आणि काच पदरात भरून बाहेर टाकून आली. परत आल्यावर तिने आपल्या हाताने चिंध्यांचा बोळा पुन्हा भोकात बसवला.

५

दसऱ्याला घरात एकही झुरळ उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बैलांच्या रेंगीतून ललिता उतरली, पोट सावरत, तोंड चालूच. "बाबा, घर तं लय चकचकीत केलं! माय म्हणे तुमी महिनाभर झुरळाइसंग लढाई करून राह्यले होते."

"जितलो," जानराव म्हणाले.

त्या दुपारी ते मागच्या खोलीत बाज टाकायला गेले. कंदील खाली ठेवला. भिंती स्वच्छ, कोपरे स्वच्छ. त्यांनी सुस्कारा टाकला आणि मग ऐकलं. खसखस. तीच. कोरड्या पाचोळ्यावर काही सरपटल्यासारखी, बळदाच्या भिंतीतून. इतके दिवस ती झुरळांची म्हणून त्यांनी ऐकली होती.

ते बराच वेळ तिथे उभे राहिले. आवाज भोकापाशी आला, थांबला, वर गेला, पुन्हा खाली आला. कणगीत काही उरलंय का ते पाहायला माणूस हात फिरवतो तसा.

६

मार्गशीर्षात ललिता बाळंत झाली. मुलगा. गोमतीबाई सुईणीने नाळ कापली, लेकरू न्हाऊ घातलं आणि बाज बळदाच्या भिंतीशी सरकवली, कारण दाराकडून वारा लागत होता. शेगडी पेटली, ओव्याचा धूर झाला. जानराव उंबऱ्याबाहेरून वाकून पाहत राहिले. लेकराचे ओठ लालबुंद होते, कडा शाबूत.

दुसऱ्या दिवशी बोळा बाजेखाली पडलेला होता. प्रयागबाईने तो परत बसवला.

तिसऱ्या दिवशी ललिता म्हणाली, "माय, याचं दुपटं कोण ओढून राह्यलं?" दुपट्याचं टोक बाजेवरून खाली लोंबत होतं आणि भोकात गेलेलं होतं. प्रयागबाईने ओढलं. वीतभर कापड बाहेर आलं, चोखून चोखून पांढरं पडलेलं.

"उंदीर," जानराव उंबऱ्यातून म्हणाले.

बाज दुसऱ्या भिंतीशी नेली. चौथ्या दिवशी बोळा तिथे, बाजेखाली, लेकराच्या डोक्याखाली बरोबर.

त्या दुपारी ललिताचा डोळा लागला होता आणि प्रयागबाई पाणी तापवत होती. लेकरू एकदम किंचाळलं. प्रयागबाई धावली. डावी टाच लालभडक झाली होती, सुजलेली, ओली. तिने ती कंदिलाजवळ नेली. गोमतीबाई तेवढ्यात तेल लावायला आली होती, तीही वाकली.

"हे उंदराचं काम नोहे," गोमतीबाई म्हणाली. "दाताचा डाग कुठं हाय? हे तं कोणी हिरड्यानं चोखलं." मग आपल्याच बोलण्याला ती घाबरली. "लेकरू सोताचीच टाच तोंडात घेत असन."

चार दिवसांचं लेकरू.

"दुसऱ्या घरी नेतो," जानराव म्हणाले.

"कुठं? बारा दिवस सोयर हाय. बारवीच्या आत बाळंतीण उंबरा वलांडत नाई, अन् वलांडला तं घेईन कोण?" प्रयागबाई म्हणाली.

जानराव तडक कारकून बबनरावांकडे गेले, बाहेरची खोली आठ दिवसांसाठी मागितली. बबनराव हसले. "सोयरातली बाळंतीण माह्या घरात? दप्तरी, कागदाइत राहून राहून कामातून गेले तुमी!" आणखी दोन घरी विचारलं. तिथे कोणी हसलंही नाही.

७

परतताना जानरावांचा संताप राजुलबाईच्या दारात जाऊन फुटला.

"बाई, बळदात काय हाय? मले आज सांगा! माह्या नातवाची टाच चोखली कोणं?"

राजुलबाई सूप घेऊन तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. "झुरळं हायेत ना अजून?" तिने हळूच विचारलं.

"सारे मारले."

तिने सूप खाली ठेवलं.

"मी सांगतलं होतं ना दप्तरी. पहिल्याच दिवशी. झुरळं मारू नका म्हणून."

"मले वाटलं तुमचा धरम हाय म्हणून म्हणता!"

"धरम बी हाय," राजुलबाई म्हणाली.

"मंग आत काय हाय ते तं सांगा!"

"मले नाई माईत. महावीराची आण. माह्या सासूनं मले एवढंच सांगतलं, मी तुमाले सांगतलं. झुरळं हायेत तोवर काई होत नाई. मी चाळीस वर्सं या भिंतीच्या अलीकडं झोपतो. मले कधी त्रास नाई." तिने तोंडावर पदर घेतला. "सोय मोडली तुमी त्याची."

जानरावांनी आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं.

८

दर्ग्याजवळच्या सराईत एक जुनी मोरी होती. पाचव्या दिवशी सकाळी तहसील कचेरीचे दप्तरी, डोक्याला पागोटं, अंगात बाराबंदी, त्या मोरीत हात घालून बसलेले लोकांनी पाहिले. सोबत तांब्या आणि त्यावर बांधायला फडकं. बबनराव रस्त्याने जात होते.

"काय हो जानराव, आता पाळून राह्यले का?"

जानरावांनी मान वर केली नाही. वीस वर्षांत त्यांनी एक झुरळ जिवंत धरलं नव्हतं. ते निसटत होतं, चिमटीत दाबलं की मरत होतं, आणि मेलेलं चालेल की नाही हे त्यांना कोण सांगणार होतं? दुपारपर्यंत अकरा मिळाली.

घरी आले तेव्हा ललिता लेकराला पदराखाली घेऊन भिंतीकडे तोंड करून झोपली होती. प्रयागबाई बळदापुढे बसली होती. बोळा तिच्या मांडीवर होता.

"द्या इकडं," ती कुजबुजली. "तुमी त्याले भेवडावता."

तिने तांब्याचं फडकं सैल करून एक झुरळ काढलं, सरावाच्या हाताने, पंख धरून, आणि तळहात भोकापुढे उताणा ठेवला. जानराव कंदील घेऊन मागे उभे होते. प्रयागबाईने न वळता त्यांना खुणावलं, आणि त्यांनी वात कमी केली.

खसखस भोकापाशी आली.

मग चार बोटं बाहेर आली. आंधळी, चाचपडणारी, मातीच्या रंगाची. त्यांना नखं नव्हती. ती तान्ह्या मुलाच्या बोटांएवढीच होती, पण त्यांच्यामागून आलेलं मनगट लांब होतं, आणि ते येतच राहिलं. बोटं प्रयागबाईच्या तळव्यावरून फिरली, झुरळाला लागली, थबकली, आणि अगदी हळूच मिटली. ती आत गेली. आतून चोखल्याचा बारीक आवाज आला.

"घे," प्रयागबाई म्हणाली. "घे बापा. हळू."

जानरावांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ललिताच्या जन्मानंतर ते तोंड इतकं मऊ झालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी लेकरू एकदाही किंचाळलं नाही. पाचवी पुजली गेली. दुपटं जागच्या जागी राहिलं. बाराव्या दिवसापर्यंत जानराव रोज सकाळी सराईच्या मोरीत हात घालत राहिले. थंडी वाढत होती. अकराची आठ झाली, आठाची पाच. पाच आणली त्या दिवशी दुपारी बोळा पुन्हा बाजेकडे सरकलेला होता.

९

बारावीला बारसं झालं आणि रेंगी आली. शिरपूरच्या वाटेवर ललिता आणि तिचं लेकरू दिसेनासं होईपर्यंत जानराव रस्त्यात उभे राहिले. लेकराची टाच भरून आली होती. त्यांनी दर्ग्यामागे एक खोली पाहून ठेवली होती, आणि त्या खोलीला साध्या सपाट भिंती होत्या. घरात येऊन त्यांनी भांडी पोत्यात भरली, वळकटी बांधली.

"चाल," ते म्हणाले.

प्रयागबाई मागच्या खोलीत बसली होती. पाठ बळदाच्या भिंतीला टेकवलेली. मांडीवर ती बारक्या खड्ड्यांची, वाळून दगड झालेली गोळी होती; इतके दिवस तिने ती कनवटीला ठेवली होती.

"मी नाई येत."

"वेडी झाली काय? लेकरू गेलं सुखरूप. आता इथं काय हाय आपलं?"

"आपण गेलो तं त्याले कोण देईन?" ती म्हणाली. "राजुलबाईच्यानं होत नाई आता. तुमीच मारले ना झुरळं? मंग तुमीच आणा."

ते ओरडले, त्यांनी वळकटी आपटली, पुन्हा एकदा ओरडले. ती हलली नाही. तिच्या पाठीमागे भिंतीत खसखस होत होती, तिच्या मणक्याच्या बरोबर मागे वर-खाली होणारी. तिने हात मागे नेला आणि झोपणाऱ्या मुलाला थोपटावं तशी भिंत थोपटली. खसखस थांबली.

शनिवारी सराईची मोरी कोरडी होती, हाती काही लागलं नाही. जानराव कचेरीत गेले. दप्तरखान्यात कंदील घेऊन ते मांडण्यांमागे, पेट्यांखाली, एकेक कोपरा वाकून पाहत गेले. एकही झुरळ नव्हतं. वीस वर्षांचं काम होतं, आणि ते चोख होतं.

ते बराच वेळ खाली बसून राहिले. मग उठून त्यांनी दार आतून लावलं. पहिल्या फळीवरचा बस्ता सोडून त्यातला निंबाचा पाला खिडकीबाहेर टाकला आणि वेखंड झटकलं. भिंतीतल्या चिरेतला चुना दाभणाने कोरून काढला. खिशातल्या पुडीतून गुळाची गोळी काढली. तिच्यात आज टाकणखार नव्हता. मांडणीच्या पायाशी ठेवून तिच्यावर त्यांनी अंगठा दाबला, घरंगळू नये म्हणून.